शिक्षेच्या हिशेबात न येणारी मारहाण

अबू धाबी शहराला पुलांनी जोडलेल्या अल रीम बेटावर दोन कायदेपद्धती शेजारी शेजारी नांदतात. २०२३ साली अबू धाबी ग्लोबल मार्केट या वित्तीय मुक्तक्षेत्राची हद्द अल मारिया बेटावरून अल रीमपर्यंत वाढवण्यात आली आणि येथील व्यापारी व दिवाणी व्यवहारांना इंग्लिश कॉमन लॉ, म्हणजे इंग्लंडमध्ये न्यायनिर्णयांच्या परंपरेतून घडलेला कायदा, लागू झाला. फौजदारी बाबतीत मात्र संयुक्त अरब अमिरातींचा संघीय कायदाच चालतो. त्यामुळे या बेटावरील एखाद्या कंपनीचा करारभंग इंग्लिश तत्त्वांनी तपासला जातो, तर त्याच टॉवरच्या विसाव्या मजल्यावर नवऱ्याने बायकोवर उगारलेला हात संघीय कायद्याखाली येतो. या दुसऱ्या प्रकारात ‘पुन्हा केलेला गुन्हा’ कसा मोजला जातो, हे प्रस्तुत लेखिकेला अल रीमवरील वास्तव्यात एका मराठी शेजारणीबरोबर पोलीस ठाण्यात जावे लागल्यामुळे जवळून पाहता आले.

त्या वेळी लागू असलेला कायदा २०१९ सालचा होता. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा हा संघीय हुकूमनामा येण्यापूर्वी परिस्थिती फार निराळी होती: २०१० मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर वळ उमटणार नाहीत अशा बेताने पत्नीला ‘शिस्त लावण्याचा’ नवऱ्याचा अधिकार मान्य केला होता, आणि त्याला आधार देणारी दंडसंहितेतील तरतूद पुढे वगळण्यात आली. २०१९ च्या कायद्याने शारीरिक हिंसेबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळाचीही व्याख्या केली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दिरहमपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली, आणि तेच कृत्य वर्षाच्या आत पुन्हा घडल्यास ही शिक्षा दुप्पट करण्याची मुभा न्यायालयाला दिली. पाच हजार दिरहम ही रक्कम अल रीमवरील एका बेडरूमच्या घराच्या महिन्याच्या भाड्याइतकीही बहुधा भरत नाही, ही गोष्ट येथे नोंदवायला हरकत नाही.

दुपटीची ही तरतूद कागदावर स्पष्ट असली, तरी त्या शेजारीणबाईंच्या बाबतीत ती कधी लागूच झाली नाही, आणि त्याचे कारण कोणाची हयगय हे नव्हते. मारहाण लग्नानंतर पुण्यातच सुरू झाली होती व ती बेटावर त्यांच्यामागोमाग आली. पहिल्यांदा टॉवरच्या सुरक्षारक्षकाने पोलिसांना बोलावले, तेव्हा प्रकरण समेटावर मिटले. या कायद्यात सरकारी अभियोग कार्यालयाला, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या यंत्रणेला, पीडितेच्या संमतीने समेट सुचवता येत होता. त्यानंतर हात उगारणे थांबले नाही, पण तक्रारही झाली नाही. दुसरी तक्रार झाली तेव्हा वर्ष उलटून गेले होते. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने अत्यंत सभ्यपणे मधल्या घटनांच्या तारखा विचारल्या, आणि बाईंना तारखा सांगता येईनात. त्यांच्या आठवणीत ‘गणपतीत’, ‘धाकट्याच्या वाढदिवसाला’, ‘आई गेली त्या महिन्यात’ असे हिशेब होते. आरोपपत्राला दिवस, वेळ आणि जागा लागते. परिणामी ज्या रात्री दवाखान्याचा कागद झाला, तेवढी एकच रात्र गुन्हा म्हणून उरली, आणि नवऱ्याला पहिल्यांदाच चुकलेल्या माणसासारखा दंड झाला.

कायद्याच्या परिभाषेत पुनरपराध म्हणजे आधीच्या कृत्याची अधिकृत नोंद असताना ठराविक मुदतीत केलेले तसेच दुसरे कृत्य होय. घरातल्या हिंसेची पुनरावृत्ती या व्याख्येत बसत नाही, कारण ती नोंद होऊ न देण्यावरच टिकलेली असते. “ह्यांची नोकरी गेली तर आम्ही सगळेच परत,” हे त्या बाईंचे वाक्य त्यामागचे अर्थकारण पुरेसे सांगते. त्यांचा निवासाचा परवाना नवऱ्याच्या नोकरीवर आधारलेला होता, परदेशी नागरिक दोषी ठरल्यास न्यायालय त्याला देशाबाहेर पाठवण्याचा आदेश देऊ शकते, आणि झालेला दंड घरखर्चातूनच भरला गेल्यामुळे त्या वर्षी मुलांच्या शाळेच्या फीचा हप्ता थकला. शिक्षा जितकी कडक, तितकी ती पीडितेच्याच संसारातून वसूल होण्याची शक्यता मोठी, आणि म्हणून दुपटीची धमकी पुष्कळदा आरोपीआधी फिर्यादीलाच घाबरवते. २०२४ मधील नव्या कायद्याने २०१९ चा कायदा बाजूला सारून दंडाच्या रकमा वाढवल्या आहेत. घरखर्चातून दंड भरणाऱ्या कुटुंबात या वाढीचा उपयोग कितपत होईल, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

इंग्लंडने या अडचणीवर २०१५ साली वेगळा उपाय केला. तेथील गंभीर गुन्ह्यांविषयीच्या कायद्याच्या कलम ७६ नुसार जोडीदारावर वारंवार किंवा सतत धाक व नियंत्रण ठेवणे हाच मुळात एक स्वतंत्र गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे पुनरावृत्ती ही शिक्षा वाढवणारी बाब न राहता गुन्ह्याचा घटकच बनते. इंग्लिश कायदा अल रीमवर आला खरा, पण दिवाणी व व्यापारी व्यवहारांपुरताच.

भारताने याबाबत मिरवावे असे काही नाही. पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम ७५ आणि आजच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १३ पुन्हा गुन्हा करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत वाढीव शिक्षा देते, परंतु ते नाणी, सरकारी मुद्रांक, नव्या संहितेत नोटाही, आणि मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांपुरतेच आहे. सराईत चोर त्यात सापडतो. दंडसंहितेत १९८३ साली आलेल्या, बायकोच्या छळाविषयीच्या कलम ४९८ अ खाली, किंवा आता न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, एकदा शिक्षा भोगून आलेला नवरा पुन्हा बायकोला छळू लागला तर हे कलम त्याला शिवतही नाही. कायदा करणाऱ्यांना पाकिटाची जितकी काळजी वाटली तितकी पाठीवरच्या वळांची वाटली नाही, असेच म्हणावे लागते.

तरीही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २७ परदेशी राहणाऱ्या मराठी स्त्रियांना ठाऊक असायला हवे, कारण पीडिता तात्पुरती जिथे राहत असेल तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही त्याखाली अर्ज करता येतो, आणि जर्मनीत घडलेल्या हिंसेची दखल भारतातील दंडाधिकारी घेऊ शकतो असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले आहे. पुढे असा अर्ज करता यावा म्हणून समेट केला तरी पोलीस तक्रारीचा क्रमांक, दवाखान्याचा अहवाल आणि समेटाच्या कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी, तारखा त्याच दिवशी लिहून काढाव्यात, आणि या सगळ्याची एक प्रत माहेरी पाठवून द्यावी.