जांभ्याची वाट

दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते आणि माथेरान सुरू होतं. पुढे पाय, नाहीतर घोडा. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षांच्या जागी आता ई-रिक्षा येत आहेत, ते योग्यच झालं. बाकी वाट मात्र पावलांची आणि टापांचीच राहावी, असं मनापासून वाटतं.

ही वाट पावसाने रंगवली आहे. लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळावर युगानुयुगं पाऊस कोसळला, विरघळणारं ते सारं वाहून गेलं, लोह मागे राहिलं आणि काळ्याचा तांबडा जांभा झाला. उन्हाळ्यात टापांखालून त्याची धूळ उठते, पानापानांवर बसते आणि मृगाच्या सरींनी पुन्हा मातीत उतरते. लोक धुळीबद्दल कुरकुरतात. मला ती देवळातल्या अंगाऱ्यासारखी वाटते, कपाळाला लागली तरी पुसावीशी वाटत नाही.

दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा आणि अंजन. अंजनाला बहर येतो तेव्हा काटक्यांसारख्या कठीण फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटतात आणि सावलीचाच रंग बदलतो. वर फांद्यांची कमान इतकी दाट की शेकरू जमिनीला न शिवता या झाडावरून त्या झाडावर जातं. घोडेवाला लगाम धरून पुढे चालत असतो. रिकिबीत पाय रोवून बसलं की आपण खालच्या फांद्यांच्या उंचीला येतो, पानं खांद्याला लागतात आणि घोड्याचा ऊबदार श्वास ऐकू येतो. वाट त्याला पाठ असते. कुठे दगड सैल आहे, कुठे मूळ वर आलंय, हे त्याचे खूर आपल्याआधी ओळखतात. तरीही कड्याजवळ आलं की उतरावं. तिथे पायीच जावं.

वन ट्री हिलला रान एकदम संपतं. समोर प्रबळगडाची भिंत, खाली मोरबे धरणाचं पाणी, आणि मध्ये नुसता वारा. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून याच बाजूने वर आला; गिरिस्थानाचा इतिहास तिथून मोजतात. पण ठाकर, कातकरी, धनगरांच्या पायांनी हा डोंगर त्याआधीच जाणला होता. शिवाजीची शिडी म्हणतात ती खडी घळ इथूनच खाली उतरते. पायथ्याच्या वाड्यांतली माणसं आजही डोंगरवाटांनी वर कामाला येतात, संध्याकाळी परततात. आम्ही काठी टेकत, श्वास मोजत उतरतो तिथून ती डोक्यावर ओझं घेऊन चढतात. अरुंद जागी त्यांची चाहूल लागली की मी कातळाला पाठ लावून उभा राहतो. त्यांच्यातली एखादी आजी जाताजाता विचारते, "दमलास काय रं?"