डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

घरात कुठे ओल दिसली की आपण आधी त्या ओलीकडे बघतो आणि मग जवळच्या माणसाकडे. पाणी मात्र आपल्या वाटेने चाललेलं असतं. स्लॅबमधल्या बारीक भेगेतून, विजेच्या वायरींसाठी टाकलेल्या नळीतून, तुळईच्या कडेने ते सहा-सात फूट लांब जातं आणि मग भलत्याच ठिकाणी उतरतं. डाग दिसतो तिथेच फोडाफोड करणारा मिस्त्री म्हणूनच पुष्कळदा कोरडी भिंत फोडतो.

आम्ही सोलापूरचे. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून आमच्या शहरात येतं, आणि तेही रोज सुटत नाही. आमच्या भागात चार-पाच दिवसांआड पाणी. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरून घ्यायची आणि पुढचं पाणी सुटेपर्यंत पुरवायची. त्यामुळे पाण्याचा हिशोब आमच्या घरात शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ असतो. असं असूनही गेल्या वर्षी आमची टाकी तिसऱ्याच दिवशी तळाला लागू लागली. त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली.

काकूंचा आणि आमचा सोळा वर्षांचा शेजार. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं खाली जातं, दिवाळीला फराळाचं ताट वर येतं. त्यांच्या मुलाचं लग्न मार्चमध्ये ठरलं होतं आणि घराला नवा रंग द्यायचा होता. डाग पावसाळ्यात पडला असता तर गच्चीवर संशय घेता आला असता, पण तो डिसेंबरात वाढत होता. एके दिवशी जिन्यात त्यांच्याकडचे कुणी पाहुणे बोलून गेले, "वरचे लोक दिवसातून पाच वेळा हातपाय धुतात, मग छत गळणार नाही तर काय?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण ते वाक्य आमच्या अम्मांच्या कानावर पडलं. त्या दिवसापासून अम्मा वुजूला अर्धाच लोटा पाणी घेऊ लागल्या. आम्ही काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

एक ठेकेदार येऊन गेला. पाच मिनिटं टॉर्च फिरवून म्हणाला, "सगळं बाथरूम फोडायचं, लाइन नवी, फरशी नवी. नव्वद हजार." तेवढे पैसे मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. शेजाऱ्याचं नुकसान होत असेल तर ते थांबवणं हा त्याचा हक आहे, त्यासाठी पैसे लागले तर लागोत. पण गळती नेमकी कुठे, हे कळायच्या आधी नव्वद हजार कशावर लावायचे? वर्गात मुलांना प्रयोग शिकवताना आम्ही सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच धडा घरी गिरवायचं ठरवलं.

सर्वांत आधी काकूंच्या परवानगीने त्यांच्या छतावरच्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. डागापासून हातभर अंतरावर ट्यूबलाइट होती. तिचा मेन स्विच बंद करून घेतला. ओल आणि वीज एकत्र आली तर रंगाचं नुकसान ही फार लहान गोष्ट ठरते.

मग टाकी. आमच्या टाकीचा व्यास १०६ सेंटिमीटर आहे. गणित केलं तर पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे जवळपास ९ लिटर पाणी गेलं. टाकीतून दोन लाइनी निघतात, एक स्वयंपाकघराची आणि एक बाथरूम-संडासची. दोन्हींना गच्चीवरच कॉक आहेत. रात्री लागणारं पाणी बादल्यांत भरून ठेवायचं, इशाच्या नमाजनंतर दहा वाजता लाकडी पट्टीने पातळी मोजायची, आणि फजरच्या आधी सहा वाजायच्या आत पुन्हा मोजायची, असा क्रम लावला. पाणी सुटणार असेल ती रात्र वगळायची.

पहिल्या रात्री दोन्ही कॉक बंद. पातळी तशीच, म्हणजे टाकी शाबूत. दुसऱ्या रात्री फक्त स्वयंपाकघराची लाइन चालू. तरीही पातळी तशीच. तिसऱ्या रात्री फक्त बाथरूमची लाइन चालू ठेवली, आणि सकाळी पातळी २ सेंटिमीटर खाली. आठ तासांत १८ लिटर, दिवसाला ५४. चार दिवसांत दोनशे लिटरच्या वर पाणी कुणीही न वापरता जात होतं.

बाथरूमच्या लाइनीवर पाहिला संशय फ्लशच्या टाकीवर घेतला, कारण ती मुकाट्याने गळते. जर्द्यात घालतो तो खायचा केशरी रंग चिमूटभर त्या टाकीत टाकला आणि अर्धा तास कुणी बटण दाबायचं नाही असं मुलांना बजावलं. अर्ध्या तासाने भांड्यात केशरी धार उतरलेली दिसली. टाकीच्या तळाचा रबरी वॉशर झिजून कडक झाला होता. शंभर रुपयांच्या आत नवा मिळाला. चौथ्या रात्री पातळी जागच्या जागी राहिली.

इथेच काम संपलं असं वाटलं असतं. पण खाली जाऊन पाहिलं तर डाग पेन्सिलीच्या रेघेच्या बाहेर सरकला होता. फ्लशचं पाणी सरळ गटारात जात होतं, काकूंच्या छतात नव्हे. टाकी रिकामी करणारी गळती एक होती आणि छत भिजवणारी दुसरी. नळाची लाइन आता कोरडी ठरली होती, म्हणून उरलेला संशय वापरून झालेल्या पाण्याच्या वाटेवर आला.

बाथरूमची जमीन बाकी घरापेक्षा खोलगट बांधून त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. तिथे पाणी साचून राहतं आणि हळूहळू निथळतं, त्यामुळे इथे घाई चालत नाही. चार दिवस आंघोळी, वुजू, कपडे सगळं मागच्या गॅलरीतल्या मोरीत केलं. थंडीत मुलं कुरकुरली, पण डाग थांबला. मग नहाणी ट्रॅपच्या जाळीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवला आणि फरशीवर इंचभर पाणी भरून एक दिवस तसंच ठेवलं. पाणी उतरलं नाही, डाग हलला नाही. फरशी आणि तिचे सांधे ठीक. शेवटी बोळा काढून ते पाणी जाऊ दिलं आणि वरून चार बादल्या ओतल्या. संध्याकाळपर्यंत काकूंच्या छतावर रेघेबाहेर दोन बोटं ओल आली. दोष ट्रॅपच्या खालच्या सांध्यात होता.

प्लंबरने जाळीभोवतीची दीड फुटाची जागा तेवढी फोडली. तीस वर्षांचा सांधा, सिमेंट भुसभुशीत झालेलं. नवा ट्रॅप, सांध्याला वॉटरप्रूफिंग, वर चार फरश्या. मजुरीसह साडेपाच हजार झाले. बुजवायच्या आधी पुन्हा बोळा लावून, पाणी भरून एक दिवस पाहिलं. प्लंबरला हे जास्तीचं वाटलं, पण त्याने ऐकलं.

या दिवसांत आम्ही वुजूचंही पाणी मोजलं. अम्मांना लोट्याने लिटरभरही लागत नाही. मुलाला चालू नळाखाली साडेतीन लिटर लागलं, आणि त्याने ते स्वतः बादलीत पाहिलं. आपले पैगंबर (स.) एका मुदभर पाण्यात वुजू करत असत हे तो मदरशात शिकला होता. मुद म्हणजे दोन हातांची ओंजळ भरेल एवढं माप. आता त्याला त्याचा अर्थ समजला. एकाच्या आंघोळीला मात्र दोन बादल्या लागतात, आणि घरात आम्ही पाच जण. हा हिशोब आम्ही वहीसकट काकूंना दाखवला. सांधा फुटला की सगळंच पाणी झिरपतं, ते वुजूचं की आंघोळीचं हे सांधा विचारत नाही. काकूंनी वही शेवटपर्यंत वाचली आणि वर येऊन अम्मांशेजारी बराच वेळ बसल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी अम्मांचा लोटा काठोकाठ भरलेला होता.

खरं तर अबोला त्याआधीच सैल होत आला होता. रोज सकाळी रेघ बघायला खाली जायचो. पहिले दोन दिवस दार अर्धंच उघडायचं. तिसऱ्या दिवसापासून काकूंनी चढायला स्टूल काढून ठेवलं, नंतर चहाही. तपासणी गुपचूप आपल्याच घरात केली असती तर नळ दुरुस्त झाला असता, पण मनातली ओल तशीच राहिली असती.

गळती बंद झाल्यावर लगेच रंग देऊ नये, हेही सांगायला हवं. स्लॅब आतून वाळायला आठवडे लागतात, ओल्यावर दिलेला रंग पोपडे धरतो. काकूंनी स्वयंपाकघर सोडून बाकी घर रंगवलं. मार्चमध्ये लग्नाचे लाडू त्या पेन्सिलीच्या रेघांखालीच वळले गेले, आणि वळणाऱ्यांत अम्माही होत्या. रंग आम्ही मे महिन्यात आमच्या खर्चाने दिला.