मापाचा ब्लाऊज

लोणावळ्याच्या बाजारातल्या एका शिवणाच्या दुकानात दाराजवळच्या खिळ्यांना पिशव्या टांगलेल्या असतात. प्रत्येकीत नवा ब्लाऊजपीस आणि सोबत एक जुना, धुऊन धुऊन विटलेला ब्लाऊज. मापाचा. त्याला टाचलेली चिठ्ठी. पावसाने अडकले होते म्हणून त्या चिठ्ठ्या वाचत उभी राहिले. ‘उंची अर्धा इंच जास्त, बाकी हेच.’ ‘मुंढा काचतो.’ आणि एकीवर बॉलपेनने, घाईघाईत: ‘बाळ अंगावर पितंय, हुक पुढे घ्या.’

ती चिठ्ठी काही डोक्यातून जाईना. माप जुनं पाठवलंय, आणि अंग तर केव्हाच बदललेलं.

माप घ्यावं ते माणसाला समोर उभं करूनच. टेप लागली की बाई ताठ होते, पोट आत घेते, श्वास धरते. हाताची जाणती शिवणारी तेव्हाचा आकडा धरतच नाही. ‘काकू, भात काय म्हणतोय यंदा?’ असं विचारते. बोलता बोलता काकूंचे खांदे खाली येतात, मग टेपकडे बघते.

कामशेतजवळच्या गावात माझी आत्या शिवायची. पायमशीन ओटीवर, उजेडाला. तिच्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी भातलावणीच्या. वर्षानुवर्षं चिखलात वाकून रोपं लावली की पाठीला गोलाई येते, खांदे पुढे झुकतात. छातीचा चौथा भाग घ्या, त्यात शिवणीची माया मिळवा, या सरळ हिशोबाने कापलेला ब्लाऊज अशा अंगावर मागून वर चढतो आणि पुढे गळ्याशी झोळ येतो. आत्या पाठ अर्धा-पाऊण इंच लांब कापायची, पुढचा भाग तेवढा आखूड. एका काकूंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला होता; तिथली शिलाई ती तिरकी घ्यायची. वहीत तसं काही लिहायची नाही, काकूंना सांगायचीही नाही. काकू इतकंच म्हणायच्या, ‘तुझा ब्लाऊज बसतो गं बाई.’ बाजूच्या शिवणीत दीड इंच माया असायची, म्हणजे पुढे-मागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावा.

अस्तर मात्र पाण्यातून काढल्याशिवाय तिने कधी कात्री चालवली नाही. तसंच लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं चांगलं कापड चुरगळून बसतं. आता आषाढात मावळात कापड वाळणार कुठे? लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. आमचं गाव थोडं खालच्या अंगाला, पण भिंतींना ओल तेवढीच. अस्तरं चुलीवरच्या दांडीवर वाळायची. ओलसर कापडावर खडू उठत नाही, म्हणून ती आधी इस्त्री फिरवून घ्यायची. निखाऱ्यांची, जड. त्या दिवसांतल्या ब्लाऊजांना धुराचा वास असे, आणि तो मला नव्या कापडाच्या वासाहून आवडायचा.

आजीने मात्र आत्याकडे कधी माप दिलं नाही. ती खणाची चोळी घालायची. गुळेदगुड्डच्या विणकरांनी विणलेला खण, एका खणात एक चोळी, आणि पुढे गाठ. जेवण जास्त झालं, गाठ सैल. पोटुशी असताना सैल, अंगावर पाजताना सोडायला सोपी. हुकांचा ब्लाऊज देखणा दिसतो हे मला मान्य आहे, पण अंगाबरोबर बदलण्याची ही सोय त्याच्यात उरली नाही.

तयार नमुन्यातही ही सोय नाही. अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली लहानमोठ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. घरोघरच्या बायकांना बेतणं सोपं झालं, ही मोठीच गोष्ट. तरी मला कापडावर थेट खडू ओढणारा हात जास्त आवडतो. वाकलेल्या पाठीचा नमुना दुकानात कुठून मिळणार?

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेली जोडपी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या वस्त्रांना ना माप ना नमुना, ती नुसती नेसलेली, गुंडाळलेली. शेजारीच एकवीरा आईचं देऊळ. चैत्रातल्या यात्रेला तिथे ओट्यांचा ढीग पडतो. खणही तसाच अखंड, न कापलेला वाहायचा, पुढे तो कुणाही बाईच्या अंगाला यावा. पण हल्ली ओटीचं म्हणून जे कापड विकतात त्यात लहान मुलीचाही ब्लाऊज बेतत नाही. इतकं विरळ, की सुई लागली तरी फाटावं. हळदीकुंकवाला एका घरातून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या, ते नुसतं फिरत राहतं. देवीला आणि सवाशिणीला न शिवता येणारं कापड देणं मला पटत नाही. मी मीटरभर टू बाय टू रुबिया घालते, आणि घरची ओटी असेल तर नारळाखाली शिलाईचे पैसे. आता कापडापेक्षा शिलाईच जास्त पडते.