सांचीच्या पुढचे दहा किलोमीटर

भोपाळला मावसभावाकडे आठवडाभर राहिलो, तेव्हा बेत साधा होता. सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघायचे, एक ठिकाण बघायचे आणि रात्री जेवायला घरी. (पोह्यांसोबत जिलबी हे आम्हा गोंयकारांना पचायला दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी आपणच मागून घेतो.) भोजपूर, भीमबेटका, सांची, विदिशा, सगळे साठेक किलोमीटरच्या आत. भीमबेटक्याची चित्रे 1957 साली आपल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी जगासमोर आणली. त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल. आज सांगायचे आहे ते विदिशेबद्दल.

भोपाळहून निघालेली बहुतेक मंडळी सांचीचा स्तूप बघतात आणि परततात. पण विदिशा तिथून जेमतेम दहा किलोमीटर, आणि मला तर वाटते, तिच्याशिवाय सांची अर्धीच कळते. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक छोटा लेख आहे: विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीव काम केले. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर चालला, म्हणून ती नक्षी इतकी नाजूक! स्तूपाच्या कठड्यांवर तर शेकडो देणगीदारांची नावे आहेत. व्यापारी, गृहिणी, भिक्षू, भिक्षुणी. भिक्षूंना एकांत हवा, पण भिक्षेला नगरही जवळ हवे. ते नगर म्हणजे विदिशा.

जुने नगर आता बेसनगर म्हणून ओळखले जाते. बेतवा आणि बेस या नद्यांच्या दुबेळक्यात शेते, मातीचे उंचवटे आणि एक दगडी खांब. तक्षशिलेचा हेलिओडोरस हा ग्रीक राजाचा वकील म्हणून इथे आला आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. लेखात तो स्वतःला भागवत म्हणवतो. एक यवन, बरे का! 1877 साली कनिंगहॅम आला, तेव्हा खांबावर शेंदराचे जाड थर होते, त्यामुळे लेख त्याला दिसलाच नाही. तो उजेडात आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. गावकऱ्यांना मात्र लेखाची गरज कधीच नव्हती. त्यांचा तो खांबबाबा.

तिथे उभा असताना मला आपले चांदोर आठवत होते. पर्यटक तिथे येतात ते पोर्तुगीज काळातली मोठमोठी घरे बघायला. तिथेच जवळ जुन्या चंद्रपूरच्या देवळाचे अवशेष आहेत, शीर नसलेला नंदी आहे. एका काळी ती गोव्याची राजधानी होती. पाहुण्यांना तिकडे कोण नेतो? पाहुणे सोडा, मडगावातले किती जण गेले आहेत?

रात्री जेवताना मावसभावाला खांबाविषयी सांगितले. तीस वर्षे तो भोपाळात आहे आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांची दाखवतो. "विदिशेला दर महिन्याला कामाला जातो रे, पण हा खांब नेमका कुठे?" मी कागदावर रस्ता काढून दिला. रविवारी तो वहिनीला घेऊन गेला.