तीन दशांश सेकंद

तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या अगदी टोकाला, एका घड्याळजींचे लहानसे दुकान होते. दुरुस्तीसाठी आलेली लंबकाची जुनी घड्याळे तेथे भिंतीवर ओळीने टांगलेली असत. घड्याळजींची मुलगी शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात ठेवून त्या लंबकांकडे पाहत बसे. आखूड लंबक घाईने हलत. लांब लंबक सावकाश, वडीलधाऱ्या माणसासारखे हलत.

उन्हाळा आला की काही घड्याळे मागे पडू लागत. मग एखादे गिऱ्हाईक म्हणे, “अहो, काटा जरा पुढे करून द्या, म्हणजे झाले.” घड्याळजी हसून मान हलवीत. “काटा पुढे सरकवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. घड्याळ खोटे का बोलते, ते आधी पाहिले पाहिजे.” उष्णतेने लंबकाची दांडी किंचित लांबते आणि लांब लंबकाला हेलकाव्यास अधिक वेळ लागतो, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, अनुभवाने ते उमगले होते. लंबकाच्या तळाची बारीक चाकी फिरवून ते गोळा केसभर वर उचलीत, आणि घड्याळ पुन्हा वेळेवर चालू लागे.

या मुलीला पुढे भौतिकशास्त्राची गोडी लागली, यात नवल ते काय! बारावी झाल्यावर तिने एका वेगळ्याच अभ्यासक्रमाची वाट धरली. पूर्वी विज्ञान शिकणारा विद्यार्थी आधी तीन वर्षांची पदवी घेई आणि नंतर दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी नव्याने प्रवेश मिळवी. २००६ साली पुणे व कोलकाता येथे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाल्या. त्यांनी या दोन्ही पायऱ्या पाच वर्षांच्या एकाच सलग अभ्यासक्रमात जोडल्या. आरंभीची दोन वर्षे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे विषय सर्वांनी शिकावयाचे. त्यानंतर आवडीच्या विषयात खोल जावयाचे. आणि अखेरचे वर्ष संशोधनाला द्यावयाचे, अशी ती योजना होती. पुढच्याच वर्षी मुंबई आणि भुवनेश्वर येथेही पाच वर्षांचे असे अभ्यासक्रम सुरू झाले.

“पाच वर्षे? आणि त्यानंतर काय?” शेजारीपाजारी विचारीत. घड्याळजींना याचे उत्तर देता येत नसे. दुकानाची मिळकत बेताची होती आणि काळजी त्यांनाही वाटत होती. परंतु मुलगी निघाली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बाळ, जे शिकशील ते मुळापासून शीक.”

पुण्यातील पहिले काही महिने कठीण गेले. शाळेत नेहमी पहिली येणारी ती मुलगी येथे मागे पडू लागली. वर्गातील कित्येकजण मोठ्या शहरांतून आले होते. इंग्रजीत चटाचट प्रश्न विचारीत होते. तिला प्रश्न सुचे, पण तो ओठांवर येईपर्यंत तास संपलेला असे. अशा स्थितीत प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग आला, तेव्हा तिला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. येथे तरी आपण कोणाला हार जाणार नाही, असे तिने मनाशी ठरवले.

प्रयोग दिसावयास सोपा होता. एक मीटर लांबीचा लंबक टांगावयाचा, त्याला अगदी लहान झोका द्यावयाचा आणि शंभर आंदोलनांना लागणारा वेळ मोजावयाचा. त्यावरून पृथ्वीच्या गुरुत्वामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला कितीने वाढतो, म्हणजेच गुरुत्वत्वरण किती, ते काढता येते. तिने पाच वेळा वेळ मोजली. २००.८, २०१.०, २००.९, २००.८ आणि २००.९ सेकंद अशा नोंदी मिळाल्या. गणित केल्यावर उत्तर आले ९.७८. पुस्तकात तर छापले होते ९.८१!

मुलीचा चेहरा उतरला. तिने उलट गणित मांडून पाहिले. पुस्तकातले उत्तर यावयाचे, तर शंभर आंदोलनांना सुमारे २००.६ सेकंद लागावयास हवे होते. फरक होता अवघ्या तीन दशांश सेकंदांचा. पापणी लवण्यास लागतो जवळजवळ तेवढाच! “स्टॉपवॉच थांबवताना आपलेच बोट उशिरा पडले असेल,” असे तिने स्वतःला समजावले. आणि प्रयोगवहीत नोंदी उतरवताना प्रत्येक आकड्यातून तीन दशांश वजा केले. उत्तर आता अगदी पुस्तकासारखे आले.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी तिची वही पाहिली. क्षणभर थांबून ते म्हणाले, “उत्तर फारच चांगले आले आहे. पण ते पुण्याचे नाही.”

मुलीच्या छातीत धस्स झाले. तिने मान खाली घातली. थोड्या वेळाने ती हलक्या आवाजात म्हणाली, “सर, मी आकडे बदलले. मला वाटले, माझे बोट उशिरा पडले.”

प्राध्यापक रागावले नाहीत. त्यांनी विचारले, “थांबवताना बोट उशिरा पडते, तर सुरू करताना ते वेळेवर पडते का?”

मुलगी विचारात पडली. दोन्ही वेळा उशीर सारखाच झाला, तर मोजलेल्या वेळात फरक पडण्याचे कारणच नव्हते. हे तिला आधी का सुचले नाही? सुचले नाही, कारण तिला कारण शोधावयाचे नव्हते. सबब शोधावयाची होती.

मग प्राध्यापकांनी तिला एक जुनी हकिकत सांगितली. १६७२ साली जाँ रिशे नावाचा एक फ्रेंच ज्योतिषशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेन या गावी गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ नीट चालावे म्हणून त्याला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरांनी आखूड करावा लागला. रिशेने ही गोष्ट लपवली नाही. जशी घडली तशी लिहून ठेवली. पुढे न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिचा अर्थ उलगडला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे. म्हणून तेथे गुरुत्वत्वरण कमी भरते. पुणेही पॅरिसपेक्षा विषुववृत्ताला पुष्कळ जवळ आहे, शिवाय समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. येथले खरे उत्तर ९.७८ हेच. पुस्तकातील आकडा ४५ अंश अक्षांशाच्या आसपासच्या प्रदेशाला लागू पडणारा होता.

“तुझ्या लंबकाने तुला पृथ्वीचा आकार सांगितला होता,” प्राध्यापक म्हणाले, “आणि तू तो खोडून टाकलास.”

त्या रात्री मुलीला झोप आली नाही. वडिलांचे दुकान तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ज्या गिऱ्हाइकांना ते हसत असत, त्यांच्यासारखेच तिने केले होते. तिने काटा पुढे सरकवला होता.

वर्षे भराभर गेली. गणित हळूहळू हाती आले, प्रश्न ओठांवर वेळेत येऊ लागले. पाचव्या वर्षी तिने संशोधनाचा प्रकल्प घेतला. अतिथंड अवस्थेत एका नव्या पदार्थातून वीज किती सहज वाहते, हे तिला मोजावयाचे होते. आता पडताळून पाहण्यास पुस्तकात छापलेले उत्तर नव्हते. तिच्या आलेखावरील सारे बिंदू एका सुबक वक्ररेषेवर बसले. दोन बिंदू मात्र बाजूला राहिले. “ते दोन गाळून टाक. कोणाच्या लक्षातही येणार नाही,” एक मैत्रीण म्हणाली.

मुलीने ते गाळले नाहीत. तीन आठवडे ती तेच मापन पुन्हा पुन्हा करीत राहिली. अखेरीस दोष सापडला. थंडीने आकसून एका तारेचा सांधा सैल होत होता. नवा शोध वगैरे काही लागला नाही. सांधा पक्का केल्यावर सर्व बिंदू रेषेवर आले, एवढेच. तीन आठवडे गेले. परंतु तो आलेख आता खरा होता, आणि हे ती छातीठोकपणे सांगू शकत होती.

दोन्ही पदव्या घेऊन ती घरी आली, तेव्हा वडिलांनी विचारले, “बाळ, पाच वर्षांत सर्वांत मोठे काय शिकलीस?”

तिने ती जुनी प्रयोगवही त्यांच्यापुढे ठेवली. खोडलेले पाच आकडे आणि त्यांच्याशेजारी पुन्हा लिहिलेले पाच खरे आकडे तिने दाखवले, आणि सारी हकिकत सांगितली. घड्याळजींनी चष्मा पुसून ते पान बराच वेळ पाहिले. ते काही बोलले नाहीत. भिंतीवरचे एक घड्याळ मागे पडले होते. त्यांनी ते खाली उतरवले आणि मुलीच्या हाती दिले.