उसनवारी

लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शत्रूवर प्रेम करायला सांगताना येशू त्याच दमात उसनवारीवरही बोलतो: परत मिळण्याची आशा न धरता द्या. शत्रू कुठे आणि उसने पैसे कुठे, असं मला लहानपणी वाटायचं. व्यवहारात पडल्यावर उमगलं, निम्मे शत्रू उसन्या पैशांतूनच निपजतात.

माझाही एक आहे. स्लॅबच्या वेळी नेलेले पैसे त्याने अजून दिलेले नाहीत. रविवारी मिस्सेत शांतीचं अभिवादन करताना सगळे वळून हात जोडतात. तो दोन बाकं पुढे. वळला की नजर थेट माझ्यावर. मी हात जोडतो, मनात व्याजासकट आकडा तयार असतो. पैसे सोडून द्यायची माझी ना नाही. फक्त ते सोडले हे त्याला, आणि जमल्यास अख्ख्या वाडीला, कळायला हवं. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू देऊ नका म्हणणाऱ्याला माणूस पुरता ठाऊक होता.

मग सिस्टर राणी मारिया आठवतात. मूळच्या केरळच्या, मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्या झटल्या. म्हणजे देण्याघेण्याचाच मामला. त्यांनी सावकारांचा द्वेष केला नसेलही, पण वसुलीच्या आड मात्र आल्या. शत्रूवर प्रेम करायचं म्हणून त्याच्या धंद्याला हात लावायचा नाही, असं येशूने कुठेही म्हटलेलं नाही. फेब्रुवारी 1995 मध्ये इंदूरला निघालेल्या बसमध्ये त्यांच्यावर सुऱ्याचे वार झाले.

2002 साली राखीच्या सणाला त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली.

ही राखी माझ्या पचनी पडत नाही. गेलेल्या बहिणीच्या वतीने क्षमा करायचा हक्क मागे राहिलेलीला कुणी दिला? सुरा चालवणारा निदान समोर होता. चालवायला लावणाऱ्यांना राखी कोण बांधणार? पण राखी बांधून घेणारा काही मोकळा सुटत नाही, हेही खरं. तो भाऊ झाला, म्हणजे ओवाळणी देणं लागला. आणि असल्या बहिणीची ओवाळणी कुठल्या नोटेने फिटायची? सुटका झाल्यावर तो केरळला जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांसमोर उभा राहिला. मी त्यांच्या जागी असतो, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं, असं आजही छातीठोकपणे म्हणवत नाही.