यवनाचे टाके, भिक्खूंची पंगत

भूमध्य समुद्राकाठी आयोनिया नावाचा ग्रीक मुलूख होता. सामोस, खिओस ही त्यातली बेटे. ऑलिव्ह, द्राक्षे, मासळी हे तिथले अन्न. या आयोनियाच्या नावावरूनच आपल्याकडे ‘यवन’ शब्द रूढ झाला. ती बेटे पाहायला आपण कधी जाणार? पण तिकडची खूण आपल्या उशालाच आहे.

एका रविवारी आम्ही लेकराबाळांसह पेठहून एसटीने निघालो. मंचर मागे टाकले, नारायणगावकडच्या द्राक्षबागा पाहिल्या आणि जुन्नरवरून लेण्याद्री गाठली. कुकडीचे खोरे न्याहाळत भाकरी-ठेचा खाल्ला.

पूर्वी कल्याण बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. मालाबरोबर माणसेही येत. जुन्नर परिसरातील लेण्यांच्या ब्राह्मी लेखांत तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघाला भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याचे गर्भद्वार दिले.

आम्ही थबकलो. आमच्या आजा-पणजांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. त्या पाण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. आणि इथे यवनाच्या टाक्यातले पाणी, यवनाच्या मंडपातली पंगत संघाने आपली मानली!

बंधू-भगिनींनो, मुलांना ही लेणी अवश्य दाखवा. मात्र भिंतींवर कोळशाने नावे लिहू देऊ नका. त्या तिघांची नावे उरली ती दानामुळे.

जयभीम!